सनद, गायरान आणि तुझं इंग्रजी

पत्र एका बावीस वर्षांच्या मुलीचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात असं: ती मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. घरी चार एकर कोरडवाहू. बारावीपर्यंत मराठी माध्यम. बी.ए.ला इंग्रजीत चांगले मार्क पडले म्हणून सरांच्या सांगण्यावरून शहरात येऊन तिनं एम.ए. इंग्रजीला प्रवेश घेतला. सध्या रोमँटिक काळापासून (म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून) आजपर्यंतचं ब्रिटिश साहित्य हा पेपर आहे. वर्गातल्या कॉन्व्हेंटच्या मुली फाडफाड बोलतात, ही मागच्या बाकावर बसते. मूळ पुस्तक उघडलं की पानाला वीस शब्द अडतात, म्हणून गाईड आणि सीनियरच्या नोट्सच्या झेरॉक्स वाचते, त्याही मनातल्या मनात मराठीत करून. "हे मी कुणाला सांगत नाही. इंग्रजीच्या विद्यार्थिनीनं मराठीतून समजून घेणं म्हणजे कॉपी केल्यासारखं वाटतं," असं ती लिहिते. बर्फ, डॅफोडिल, नाइटिंगेल, यातलं काहीच तिनं पाहिलेलं नाही. एक मित्र म्हणतो, गोऱ्यांचं साहित्य आपण का डोक्यावर घ्यायचं? घरचे विचारतात, नोकरी कधी? आता हे सोडून बी.एड. करावं, मराठीत एम.ए. करावं की आहे तेच रेटावं, हा तिचा प्रश्न आहे. पत्राची शेवटची ओळ: "ताई, माझ्यासारखीनं या विषयाच्या वाटेला जायलाच नको होतं का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी घालमेल जाणवली. दुसऱ्यांदा एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. चार पानांत गाईड आहे, नोट्स आहेत, वर्गातल्या मुली आहेत, मार्क आहेत. पण अमुक कविता आवडली, तमुक पात्राचा राग आला, असं एकही वाक्य नाही. ज्याच्याशी आपलं जमत नाही असं तू म्हणतेस, त्याची आणि तुझी अजून नीट भेटच झालेली नाही. तू आजवर साहित्याविषयीची माहिती वाचत आलीस. ती रुक्ष असते आणि परकीही वाटते. एकतीस वर्षं हा विषय शिकवूनही मला ती तशीच वाटते.

म्हणून राहायचं की सोडायचं हे नंतर बघू. आधी एक कविता वाचू.

विल्यम ब्लेकची 'लंडन'. अवघ्या सोळा ओळी, १७९४ साली आलेली. तुझ्या नोट्समध्ये तिच्यापुढे 'औद्योगिक क्रांतीनं बकाल झालेल्या शहराचं चित्रण' असं काहीतरी असणार. ते चूक नाही, पण तेवढ्यानं कविता हाती लागत नाही. पहिल्या दोन ओळींत ब्लेकनं एकच शब्द दोनदा वापरलाय: चार्टर्ड. कवी चार्टर्ड रस्त्यांवरून हिंडतोय, शेजारून चार्टर्ड थेम्स वाहतेय. डिक्शनरी उघड. चार्टर म्हणजे राजानं किंवा पार्लमेंटनं एखाद्या शहराला, संस्थेला, कंपनीला लिहून दिलेला हक्क. आता हा शब्द मराठीत कर, जसा तू रोज मनात करतेस आणि लपवतेस.

सनद.

सनदी रस्ते, सनदी नदी. वाहत्या पाण्यावरसुद्धा कुणाचातरी कागद. सनद, इनाम, वतन हे शब्द आपल्याकडे अजून बोलण्यात आहेत. ज्याच्या घरात सनद, गावात त्याचा शब्द चालणार, हे तुला कुणी समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलीला 'चार्टर्ड' म्हटलं की आधी अकाउंटंट किंवा विमान आठवेल, आणि मग तिला त्या अर्थापासून मागे यावं लागेल. तू थेट पोचलीस.

ब्लेकच्या वहीत या कवितेचा कच्चा खर्डा आहे. तिथं आधी 'डर्टी' होतं. घाणेरडे रस्ते, घाणेरडी थेम्स. ते खोडून त्यानं 'चार्टर्ड' केलं. घाणेरडं म्हटलं असतं तर प्रश्न झाडलोटीचा राहिला असता, सनद म्हटल्यावर तो मालकीचा झाला. एका शब्दाच्या खाडाखोडीत कवितेचा कणा बदलला, आणि ही खाडाखोड पाहायला कुठलंही गाईड लागत नाही.

अजून पुढे जाऊ. ही कविता आली त्याच्या आदल्याच वर्षी, १७९३ मध्ये, पार्लमेंटनं ईस्ट इंडिया कंपनीची सनद वीस वर्षांनी वाढवून दिली होती. त्याच्या थोडं आधी, १७९१-९२ मध्ये, थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' दोन भागांत आलं. त्यात पेन म्हणतो, सनद हक्क देते हे बोलणंच उलटं आहे. ती मूठभरांच्या हाती हक्क ठेवून बाकी सगळ्यांचे काढून घेते. या पुस्तकापायी त्याच्यावर राजद्रोही लेखनाचा खटला झाला. ब्लेकच्या त्या शब्दामागे पेनचा हा युक्तिवाद असावा, असं मानणारे अभ्यासक आहेत. आणि हेच पुस्तक पुढे पुण्यात विशीतल्या जोतिराव फुल्यांनी वाचलं. त्याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला हे तू शाळेपासून ऐकत आली आहेस.

तेव्हा ब्लेकच्या लंडनपासून तुझ्या गावापर्यंत एक पायवाट आधीपासून आहे. ती मी तुझी समजूत काढायला आखलेली नाही.

मराठीतून समजून घेणं ही कॉपी नव्हे, हे आता वेगळं सांगायला नको. फक्त ते अर्ध्यावर सोडू नकोस. नोट्स मराठीत करून वाचणं म्हणजे दुसऱ्यानं चावलेलं आणखी एकदा चावणं. मूळ कडवं मराठीत उतरवायला घेतलंस की प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं, आणि वाचन तिथंच होतं. अट एवढीच की मराठी शब्द सापडला म्हणून गोष्ट एकच झाली असं धरून चालायचं नाही. हे मी जॉन क्लेअरच्या आधारे सांगते. तो कदाचित तुझ्या अभ्यासक्रमात नसेल. नसला तरी वाच.

क्लेअर १७९३ साली नॉर्दॅम्प्टनशरमधल्या हेल्पस्टन गावी जन्मला. बाप शेतमजूर, हा स्वतःही शेतमजूर. त्याच्या गावाभोवती मोकळं रान होतं. गुरं चरायची, गरीब माणसं सरपण गोळा करायची, पोरं हुंदडायची. १८०९ साली हेल्पस्टनच्या जमिनीसाठी पार्लमेंटनं कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत ते रान कुंपणांत गेलं. गाईडमध्ये याला 'एन्क्लोजर' म्हणतात आणि दोन ओळींत संपवतात. तू गायरान म्हण. गायरान गेलं की गावातल्या कुणाचं काय जातं, हे तुला माहीत आहे. तेवढं माहीत असलं की 'द मोअर्स' ही त्याची कविता कळायला फार वेळ लागत नाही. एन्क्लोजर आलं आणि मजुराच्या हक्कांची थडगी तुडवून गेलं, असं तो तिथं लिहितो. पण फरकही बघ. आपलं गायरान सरकारी, त्यावरचे वाद बहुतेकदा अतिक्रमणाचे, आणि त्यात कसणारा भूमिहीन कोण, त्याची जात कोणती, हे प्रश्न येतात. हेल्पस्टनमध्ये रान खाजगी मालकांकडे गेलं. हे साम्य आणि हा फरक, दोन्ही लिहून काढलेस तर तुझा एक चांगला सेमिनार पेपर होईल. तो कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात मिळणार नाही.

क्लेअरची दुसरी गोष्ट तुझ्या जास्त जवळची आहे. त्याचं पहिलं पुस्तक १८२० साली आलं, मुखपृष्ठाआतल्या पानावर 'नॉर्दॅम्प्टनशरचा एक शेतकरी' अशी ओळख छापून. वर्षभरात चार आवृत्त्या निघाल्या. पण प्रकाशकानं त्याचं शुद्धलेखन, विरामचिन्हं सुधारली, गावाकडचे काही शब्द बदलले. गोठू लागलेल्या पाण्यावर खरखरीत साय धरू लागते, त्या साय धरण्याला क्लेअर 'क्रिझल' म्हणायचा. गोगलगाईच्या शंखाला 'पूटी'. हे शब्द लंडनच्या वाचकाला ठाऊक नव्हते. क्लेअरनं प्रकाशकाला लिहिलं की विद्येत व्याकरण म्हणजे राज्यात जुलूम असतो तसंच. हा माणूस आज त्या काळातला एक महत्त्वाचा कवी मानला जातो, आणि आता त्याच्या कविता बऱ्याचदा त्याच्या मूळ शब्दांसकट, त्याच्या अशुद्ध स्पेलिंगसकट छापतात. त्याचं पुढचं आयुष्य फार हालात गेलं, शेवटची दोन दशकांहून जास्त वर्षं वेड्यांच्या इस्पितळात. ते वाचताना मला अजूनही त्रास होतो.

'माझ्यासारखी' हा तुझा शब्द मी विसरलेले नाही. तू धरून चालली आहेस की हे साहित्य सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या, सुस्थितीतल्या लोकांनी आपसांत लिहिलं आणि तू दाराबाहेर उभी आहेस. त्या दाराशी बरीच गर्दी आहे. कवी कीट्सनं औषधं आणि शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलं होतं. १८१८ मध्ये एका मासिकानं त्याला 'कॉकनी', म्हणजे लंडनमधला हलक्या थरातला, म्हणून हिणवलं आणि गोळ्या-मलमांच्या दुकानात परत जा असं छापलं. शार्लट ब्राँटीनं १८४७ साली 'जेन एअर' करर बेल या नावानं काढली, बाईचं नाव लपवून. कादंबरीकार कॉनरॅड जन्मानं पोलिश, इंग्रजी तो विशीत शिकला. सॅम सेल्वन त्रिनिदादचा, भारतीय वंशाचा. १९५० मध्ये तो लंडनला आला आणि १९५६ च्या 'द लोनली लंडनर्स'मध्ये त्यानं निवेदनसुद्धा कॅरिबियन वळणाच्या इंग्रजीत केलं. ब्रिटिश साहित्याचा पेपर तुला सभ्य दिवाणखान्यासारखा दिसतो, तो नोट्समधून बघितल्यामुळे.

तुझ्या मित्राचा प्रश्न मात्र मी झटकून टाकणार नाही. १८३५ साली मेकॉलेनं इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरला तो आपल्या भल्यासाठी नव्हता. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ मध्ये सुरू झाला, आपल्याकडे कलकत्ता-मुंबईच्या कॉलेजांत ते त्याच्या कितीतरी आधी शिकवलं जात होतं. राज्य करणाऱ्यांना त्याचा उपयोग होता म्हणून. पण या प्रश्नाचं उत्तर 'वाचू नका' असं निघत नाही. लेखिका जीन ऱ्हीस कॅरिबियनमधल्या डोमिनिकात वाढली. 'जेन एअर'मध्ये माडीवर कोंडलेली वेडी बाई आहे, बर्था, जमेकाहून आणलेली. तिला बोलायला एक वाक्यही नाही. ऱ्हीसनं १९६६ मध्ये 'वाइड सारगासो सी' लिहून त्या बाईला आवाज दिला. हे करायला तिला 'जेन एअर' अगदी बारकाईनं वाचावी लागली. मित्राला म्हणावं, या दोन कादंबऱ्या पाठोपाठ वाच आणि मग भांडायला ये. भांडण चांगलं होईल.

आणखी एक पुस्तक तुला नावानिशी सांगते, कारण तुझ्या पत्रातली लाज त्यात आहे. डिकन्सचं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'. पिप लोहाराच्या घरी वाढलेला पोरगा. श्रीमंत घरात पत्ते खेळायला बोलावतात तेव्हा एस्टेला नावाची मुलगी त्याला हसते. का? तो पत्त्यातल्या गुलामाला 'नेव्ह' न म्हणता 'जॅक' म्हणतो. मग म्हणते, याचे हात किती राकट, बूट किती जाड. तोवर पिपला आपल्या हातांची कधी लाज वाटलेली नसते. पुढे तो शहरात साहेब होतो आणि एक दिवस त्याला लहानाचं मोठं करणारा जो, तोच लोहार, त्याला भेटायला येतो. नवा पोशाख घालून. हॅट कुठं ठेवावी हे जोला कळत नाही. तो ती फायरप्लेसच्या वरच्या फळीच्या कोपऱ्यावर टेकवतो आणि ती सारखी पडते, तो सारखी झेलतो. आणि ज्याला त्यानं कडेवर खेळवलं त्या पिपला तो मधूनच 'सर' म्हणतो. पिपला ओशाळं वाटतं, रागही येतो. तुझ्या हॉस्टेलवर कधी गावाहून कुणी आलं असेल, हातात डबा, पायांत प्रवासाची धूळ. तो प्रसंग आठवून हे सत्ताविसावं प्रकरण वाच. मग मला सांग हे परकं आहे का.

आता व्यवहाराचं बोलू.

पानाला वीस शब्द अडतात म्हणतेस. अडू देत. कविता असेल तर आधी डिक्शनरी न उघडता मोठ्यानं वाच, दोनदा. मग ज्या शब्दाशिवाय वाक्यच चालत नाही तेवढेच शब्द बघ. मग वहीत आपल्या मराठीत गद्यात लिही, सुंदर करायच्या भानगडीत न पडता. गाईड सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा पेन्सिल घेऊन, कुठं पटत नाही तिथं खूण करत. आठवड्याला एक कविता पुरे. कादंबरीचं दडपण घेऊ नकोस. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून छत्तीस हप्त्यांत आलं होतं. तेव्हाच्या इंग्रज वाचकालाही आठवड्याला एखाद-दोन प्रकरणंच मिळायची. एकूण एकोणसाठ प्रकरणं आहेत. रोज एक धरलंस तर दोन महिन्यांत पुस्तक संपतं. शेजारी मराठी अनुवाद ठेवायला कादंबरीत माझी हरकत नाही, कवितेत आहे.

पुस्तकांच्या पैशांची काळजी करू नकोस. स्वामित्वहक्क संपलेली बहुतेक सगळी पुस्तकं प्रोजेक्ट गटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ब्लेकची पानं तर मोबाइलवर 'विल्यम ब्लेक आर्काइव्ह' उघडून बघच. तो कोरक्या होता, कविता आणि चित्र तांब्याच्या एकाच पत्र्यावर कोरायचा. 'लंडन'च्या वर कुबडी घेतलेला एक म्हातारा आहे आणि एक लहान पोर त्याला वाट दाखवतंय. कवितेत हा म्हातारा कुठंच नाही.

सव्वादोनशे वर्षांचं सगळं वाचून होणार नाही. तुझ्या प्राध्यापकांचंही झालेलं नाही. या सत्रात चार-पाच गोष्टी मुळातून वाच, बाकीच्यांवर नोट्सचा आधार घेतलास तर त्यात पाप नाही. व्हर्जिनिया वुल्फची 'मिसेस डॅलोवे' लागली असेल तर पहिली तीस पानं काहीच कळणार नाहीत. सगळ्यांचं तसंच होतं. पुढे जात राहा.

नेटची, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची, तयारी वेगळ्या वहीत. दुसऱ्या पेपरात शंभर प्रश्न असतात आणि त्यात सनावळ्या, जोड्या लावा, अमुक पात्र कुठल्या पुस्तकातलं, असं बरंच असतं. ते पाठांतराचं काम आहे, रोज तासभर देऊन करावं. त्याला साहित्याचा अभ्यास समजून स्वतःला रटाळ ठरवून घेऊ नये.

वर्गात बोलण्याची भीती एका दिवसात जाणार नाही. बोलण्याचा सफाईदारपणा आणि वाचण्याची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी शेकडो उत्तरपत्रिका तपासून सांगते. तुझ्या सरांना किंवा मॅडमना पाच मिनिटं माग. 'लंडन'मधला फक्त 'चार्टर्ड' हा शब्द घे आणि त्यावर बोल. आधी मराठीत लिही, मग इंग्रजी कर, कागद हातात ठेव. अडखळलीस तर अडखळलीस.

घरच्यांना नोकरीचं खोटं आश्वासन देऊ नकोस. सेट-नेट झालं की पात्रता मिळते, नोकरी नाही. कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर काढलेली माणसं तुझ्याच कॉलेजात असतील, त्यांच्याशी बोल, पगाराचा आकडा विचारायला लाजू नकोस. घरची ओढाताण फार असेल आणि शाळेत शिकवायला तुला आवडत असेल तर बी.एड. हा चांगला रस्ता आहे. त्यासाठी एम.ए. लागतही नाही, आणि ते नंतर बाहेरून पुरं करता येतं. मराठीत एम.ए. करायचं असेल तर मराठीच्या ओढीनं कर, इंग्रजीच्या भीतीनं नको. भीतीनं गेलीस तर तिथल्या कठीण कवीपाशीही हेच होईल. म्हणून या सत्राच्या अखेरपर्यंत थांब असं मी म्हणते. ब्लेक, क्लेअर, पिप आणि त्या दोन कादंबऱ्या स्वतः वाचून बघ. तरीही मन लागलं नाही तर खुशाल सोड. तेव्हा निदान काय सोडतेय हे तुला माहीत असेल.

डॅफोडिलचं राहिलं. कवी कोलरिजनं 'एन्शंट मरिनर' ही समुद्रप्रवासाची कविता लिहिली तेव्हा त्यानं एकही मोठा समुद्रप्रवास केलेला नव्हता.

आणि एक काम देते. 'लंडन'चे शेवटचे दोन शब्द 'मॅरेज हर्स' असे आहेत. हर्स म्हणजे मढं न्यायची गाडी, आणि ब्लेकनं ती लग्नाला जोडली आहे. मराठीत तू काय लिहिशील? तिरडी म्हटलं तर चाकं जातात. शववाहिका म्हटलं तर नगरपालिका येते. वैकुंठरथ म्हटलं तर त्यात फुलं आणि रथ येतात, जवळजवळ वरातच. मी बरीच वर्षं या तिन्हींमध्ये अडकून आहे. तुझा शब्द ठरला की कळव.

तुझी,
ताई